दादर म्हणजे उत्तर

माझा जन्म परळचा, त्यामुळे दिशांच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही, असा माझा जुना माज. दादरकडे तोंड केलं की उत्तर. विषय संपला. होकायंत्र बाहेरगावच्या लोकांसाठी.

हाच माज घेऊन मी आमच्याच चाळीशेजारच्या प्लॉटवर कामाला उभी राहिले. तिथे टॉवरसाठी खोल तळघर खणायचं होतं. खालच्या काळ्या खडकातल्या भेगा कुठल्या दिशेने धावतात, हे शोधणं माझं काम. त्या चाळीखाली गेल्या असतील, तर खणताना चाळीचा पाया हलणार.

पद्धत दिसायला अगदी येडचाप. जमिनीवर जाड फळी टाकायची, तिच्यावर जीपची चाकं चढवायची आणि फळीच्या टोकावर आडवा घण मारायचा. जमीन आडवी थरथरते. या आडव्या लाटा, म्हणजे शिअर वेव्ह, भेगाळ खडकात शिरल्या की प्रत्येकीच्या दोन होतात. भेगांच्या दिशेने हलणारी लवकर पोचते, दुसरी रेंगाळते. जमिनीत खोचलेले जिओफोन ते टिपतात. प्रत्येक जिओफोनच्या डोक्यावर बाण असतो, आणि तो उत्तरेकडे करावा लागतो.

"मॅडम, बाण कुठे करू?" घणवाल्याने विचारलं.

"दादरकडे कर रे." आणि फॉर्मवर मी ऐटीत लिहिलं, उत्तर.

निष्कर्ष झकास निघाला. भेगा चाळीला बगल देऊन निघून जात होत्या. चाळीत तळमजल्यावर माझी आत्या एकटी राहते. खोदकामाच्या भीतीने कल्याणला मुलाकडे जायचं म्हणून तिने सामान बांधायला घेतलं होतं. मी रिपोर्ट जायच्या आधीच तिच्या दारात हजर.

"आत्या, सोड ते. भेगा तुझ्या घराखाली येतच नाहीत. मी स्वतः बघितलंय."

आठवड्याने साहेबांनी मी काढलेल्या भेगांच्या रेषा सर्व्हेच्या नकाशावर टाकल्या. नकाशात आमचा प्लॉट रस्त्यासकट तिरका पडला होता. नकाशाच चुकलाय, असं मी बेधडक सांगून टाकलं. साहेब चष्म्यावरून बघत राहिले.

"उत्तर कशाने घेतलीस?"

"सर, दादर..."

होकायंत्र घेऊन प्लॉटवर धावले. माझी उत्तर वीसेक अंशांनी चुकली होती. जन्मभर ज्या रस्त्यावरून हिंडले तो तिरका आहे, हे मला चाळिशीत कळलं. सगळ्या रेषा तेवढ्या फिरवल्या, तर भेगा थेट चाळीच्या तळमजल्याखाली. साहेबांनी मला यथेच्छ झापलं आणि खोदकामाचा आराखडा परत मागवला. ऑफिसातलं निस्तरलं, आत्याचं राहिलं.

गेले तेव्हा तिने सगळं सामान सोडून पुन्हा जागच्या जागी लावलं होतं. भांडी मांडणीवर, बुद्धाचा फोटो खिळ्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सांगितलं, दादरसकट सगळं. वाटलं, ओरडेल. ती नुसती उठली, फोटो उतरवला आणि जुन्या साडीत गुंडाळायला लागली.

"पोरगा पण हेच बोलत होता, रिस्क नको म्हणून," ती म्हणाली. "त्याच्याशी भांडले मी. म्हटलं, तुला काय कळतंय? आमची पोरगी शिकलेली आहे, ती बघून आलीय."

तिने गुंडाळलेला फोटो पिशवीत ठेवला.

"आता त्याला फोन तूच लाव."