सुजाताला विचारा

“सुजाताचे नातेवाईक कोण?” लेबर रूमचं दार अर्धवट उघडून सिस्टरनी हाक मारली.

बाहेर बसलेला तिचा नवरा निखिल ताडकन उठला. कशासाठी बोलावलंय हेही न विचारता हात जोडून म्हणाला, “डॉक्टर मॅडमना योग्य वाटेल ते करा.”

आत सुजाताची कंबर दाबत असताना मी हे ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. हॉटेलात वेटरलाही आपण असं म्हणत नाही.

मी डूला आहे. म्हणजे बाळंतपणात आईच्या सोबतीला राहणारी, त्याचं ट्रेनिंग घेतलेली बाई. मी डिलिव्हरी करत नाही, तपासत नाही, औषध देत नाही. कंबर दाबते, पाणी पाजते, धीर देते. आणि आईला जे बोलायचंय ते तिला बोलता येईल एवढं बघते. तिच्या वतीने मी उत्तर देत नाही, हा माझा नियम.

सुजाता बिबवेवाडीची. कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते, पण डॉक्टरांसमोर मान खाली. पहिल्याच भेटीत तिने मला सांगितलं होतं, “माझ्या ताईला तिच्या बाळंतपणात न विचारता कट दिला होता. टाके घालताना तिला कळलं. अजून ते आठवलं की ती रडते. माझं काय करायचं ते करा, पण आधी मला विचारा.”

कट म्हणजे बाळ बाहेर येताना वाट मोठी करण्यासाठी दिलेला छेद. कधी तो खरंच लागतो. कधी नुसती सवय असते.

सिस्टर ट्रे लावायला लागल्या. त्यात कात्री दिसली.

“सिस्टर, कट द्यायचं ठरलंय का?”

“पहिलटकरणीला देतोच. मिस्टर हो म्हणालेत की.”

“पण सुजाताला कुणी विचारलं?”

“अहो, आम्ही काय इथे भजी तळायला उभ्या आहोत?”

तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही.”

“मग?”

“मी कंबर दाबते. सुजाताला तुमच्याशी बोलायचंय.”

कळ आली, गेली. सुजाताने माझा हात घट्ट धरला. तिच्याऐवजी बोलून टाकावं असं फार वाटलं. जीभ चावून गप्प बसले.

शेवटी ती म्हणाली, “मॅडम, गरज पडली तर कट द्या. पण मला विचारून.”

“अगं, त्या वेळी तुला काय सुचणार आहे?”

“कळा येतायत मॅडम, बहिरी नाही झाले.”

सिस्टरना हसू आवरेना. मॅडमना मात्र अजिबात हसू आलं नाही. “बरं,” एवढंच म्हणाल्या. माझा त्या ‘बरं’वर काडीचाही विश्वास नव्हता.

सुजाता जोर लावू लागली. बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि मॉनिटरवरचे ठोके मंदावले. पुढच्या कळेलाही तेच. मला भीती वाटली. मॅडमनी कात्रीकडे हात नेला. मी तोंड उघडणार, तोच त्या थांबल्या.

“सुजाता, इकडे बघ. बाळाचे ठोके कमी होतायत, त्याला लगेच बाहेर काढायला हवं. भूल देऊन कट देऊ?”

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी सुजाताकडे.

“द्या,” सुजाता म्हणाली. आवाज खणखणीत.

मुलगी झाली. क्षणभर गप्प राहिली आणि मग अशी रडली की बाहेर निखिललाही ऐकू गेलं. माझे डोळे भरून आले. इतक्या डिलिव्हरी पाहिल्या तरी येतात.

नंतर निखिलने मला बाजूला घेतलं. “सिस्टर म्हणाल्या, शेवटी कट द्यावाच लागला. मग एवढा अट्टहास कशाला?”

“मला नका विचारू. तिला विचारा.”

त्याने खरंच जाऊन विचारलं. सुजाता म्हणाली, “ताईला दिला होता. मी घेतला.”

निखिलने तिचं पांघरूण सारखं केलं. मग बाहेर जाऊन बसला.

तिला वॉर्डमध्ये हलवायची वेळ झाली. दारातून पुन्हा हाक आली, “सुजाताचे नातेवाईक कोण? जनरल वॉर्ड हवा की सेमी-प्रायव्हेट?”

निखिल उठला. सवयीने हात जोडले गेलेच. पण म्हणाला, “मी आहे. एक मिनिट, सुजाताला विचारतो.”