टेबलावर पडलेली इस्पिकची राणी

चार नंबरच्या टेबलावरून "डायरेक्टर" अशी हाक आली. अकोल्याच्या ब्रिज स्पर्धेचा शेवटचा राउंड होता. मी डायरेक्टर, म्हणजे या पत्त्यांच्या खेळातला पंच. गेलो. टेबलावर इस्पिकची राणी उताणी पडली होती. वकीलकाकांच्या थरथरत्या हातातून सुटली होती.

काका अमरावतीचे. मला ब्रिज त्यांनीच शिकवला, डायरेक्टरच्या परीक्षेलाही त्यांनीच बसवलं. हाक मारणारे गजाननराव वलगावचे, शेवंती-झेंडू पिकवणारे. त्यांची ही पहिलीच मोठी स्पर्धा. करंडक या दोन जोड्यांपैकीच एकीचा होता आणि तो या डावावर ठरणार होता.

नियम सोपा आहे. बोली जिंकून डाव खेळणारा एक असतो; इथं ते गजाननराव. त्याच्या विरोधकाचं पान पार्टनरला दिसू शकेल असं पडलं, तर असलं चित्राचं पान तिथंच उघडं ठेवायचं आणि पहिली संधी येताच खेळायचं. पार्टनरने ते खरंच पाहिलं का, हा प्रश्नच नसतो.

मी नेमकं तेच विचारलं. "पार्टनरने पाहिलं?"

काकांचे पार्टनर चहावाल्याकडे बघत होते. "नाही बुवा."

"मग उचला पान."

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग उचललं.

"तुमी म्हनता तसं, साहेब," गजाननराव म्हणाले.

काकांची जोडी पहिली आली. निकाल भिंतीवर लागला की दुरुस्तीसाठी अर्धा तास असतो. वीस मिनिटं गेली आणि गजाननराव वही घेऊन आले. मला वाटलं, तक्रार.

"साहेब, तो नियम सांगा बरं, लिहून घेतो. गावात सहा जनायले शिकवून राहिलो. चुकीचं शिकवलं तं मले बोल लागते."

पेन उघडून उभे राहिले. त्या वहीत खोटं सांगवेना.

"लिहू नका," मी म्हणालो. "माझी चूक झाली. राणी टेबलावरच राहायला हवी होती."

"म्हंजे आमी फुकटच हरून बसलो होतो काय?" ते हसले.

त्या डावाचे गुण दुरुस्त केले. करंडक वलगावला गेला. चूक कबूल करणारा डायरेक्टर म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली. नव्या डायरेक्टरांना अजून माझं उदाहरण देतात. मी गप्प ऐकत आलो.

चूक नव्हती ती. नियम मला पाठ होता. काकांचा हात पाहून मी जाणूनबुजून तसं विचारलं.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर काका बोलले. "तू नियम विसरलास, असं मला वाटत नाही."

"नाही विसरलो."

"आणि मीही पान उचललंच की." मग म्हणाले, "पुढच्या वेळी राणी पडली तर पडू दे. मी बघून घेईन तिचं."

गजाननरावांना हे आज वाचूनच कळेल. ती वही आली नसती तर आणखी दहा मिनिटांत माझा खोटा निकाल कायमचा झाला असता. त्या वहीचे उपकार मी विसरलेलो नाही.

आता हाक आली की खुर्चीत कोण बसलंय, ते मी नंतर बघतो. आधी पान बघतो.