एअरगनच्या पेटीवरचं नाव

मी हे लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही बहुतेक दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला, तेही पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांवर शिकलेला. त्यामुळे आठवण कुठून सुरू करावी आणि कुठे सोडावी हे मला नीट कळत नाही. शिवाय जे सांगायचं आहे त्यात चूक माझीच आहे. आपली चूक लिहिणाऱ्याला लोक एक तर फार चांगला समजतात, नाही तर ढोंगी. मी दोन्ही नाही, एवढं धरून चालावं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. अब्बा आखातात, अल ऐनला एका अरबाबकडे ड्रायव्हर होते. अरबाब म्हणजे मालक. तिकडे सगळे कामगार हाच शब्द वापरतात. आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं. त्याच्या बावीस वर्षं आधी अब्बा तिथून निघाले ते याच एका घरात टिकले. अरबाबच्या मुलांना त्यांनीच शाळेत सोडलं, पुढे त्यांनीच त्यांना गाडी शिकवली. मी बारावी झाल्यावर अरबाबने मेहेरबानी म्हणून मला अब्बांच्या व्हिसावर तिकडे येऊ दिलं. भारतातल्या एका विद्यापीठाचं बी.कॉम. मी पत्राने करत होतो, आणि शुक्रवारी अबुधाबीला वर्ग भरायचे. गुरुवारी संध्याकाळीच अब्बा माझी पॅन्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवायचे. मी करतो म्हटलं तर म्हणायचे, तू वाच. अब्बांचा व्हिसा होता म्हणून माझा होता, आणि माझा होता म्हणून कॉलेज होतं. ही गोष्ट आम्ही कधी बोललो नाही, पण दोघांनाही ठाऊक होती.

दर हिवाळ्यात अरबाब आपले भाऊ, मुलगे आणि ससाणे घेऊन विमानाने शिकारीला जायचा, दूरच्या एका देशातल्या ओसाड माळावर, महिना-दीड महिना. तंबू, पातेली, तांदळाच्या गोणी, सगळं इथून जायचं. स्वयंपाकी दरवर्षीचाच, रत्नागिरीकडचा. मी त्यांना चाचा म्हणायचो. अब्बांना मात्र कधी नेलं नव्हतं. त्या वर्षी शिकारीला जाणाऱ्या नेहमीच्या ड्रायव्हरचं ऑपरेशन झालं आणि अब्बांचा नंबर लागला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते गावाशिवाय दुसरीकडे कुठेतरी विमानाने जाणार होते. त्यांनी बुटांची नवी जोडी घेतली आणि ती खोलीत घालून फिरून पाहिली.

अरबाब आधी गेला. चार दिवसांनी चाचा आणि अब्बा उरलेलं सामान घेऊन निघणार होते. त्या सामानात एक एअरगन होती, अरबाबच्या धाकट्या मुलाची. ससाण्यांना खायला पारवे लागत, ते तो हिने मारायचा. तिची स्प्रिंग दुरुस्तीला गेली होती म्हणून ती मागे राहिली. सोबत एक अरबी कागद होता, परवानगीचा, आणि विमान कंपनीने दिलेलं एक इंग्रजी पत्रक आणि एक फॉर्म. ते तिन्ही अब्बांनी माझ्यापुढे ठेवले. चाचा दारात उभे होते. म्हणाले, "आता आपल्याला काय चिंता? घरचा बॅरिस्टर आहे."

मला त्या बोलण्याचा फार आनंद झाला, हे लपवत नाही.

पत्रक मी दोनदा वाचलं आणि त्यातलं एकेक केलं. बंदूक मधून दुमडून नळीत काही नाही ना ते पाहिलं, स्प्रिंग ताणलेली नाही याची खात्री केली. वरची दुर्बीण स्क्रू काढून वेगळी केली आणि टॉवेलात गुंडाळली. छर्ऱ्यांचे डबे दुसऱ्या बॅगेत टाकले, झाकणाला चिकटपट्टी लावून. बंदूक काळ्या कडक पेटीत, फोममध्ये बसवली आणि दोन्ही कुलुपं लावली. एवढं सगळं मी बरोबर केलं. अजूनही ते पत्रक मला पाठ आहे.

अरबी कागद अब्बांनी हातात घेतला. अब्बांना अरबी वाचता यायचं. लहानपणी मदरशात शिकलेलं, कुराण कितीतरी वेळा पूर्ण केलेलं. बोलायचेही, पण ते गाडीतलं आणि बाजारातलं. सरकारी कागदावरचे शब्द त्यांना उच्चारता येत, अर्थ लागत नसे. त्यांनी बोट ठेवून सगळा कागद वाचला, अरबाबचं नाव आलं तेव्हा मान हलवली, आणि तो घडी करून खिशात ठेवला. त्या नावाखालच्या ओळीत काय आहे ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. अरबाबच्या ऑफिसातले मॅनेजर पुण्याचे होते, त्यांना चांगलं अरबी येत होतं. त्यांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एवढ्याशा कागदासाठी जायचं म्हणजे मला कमीपणा वाटला.

मग फॉर्म. त्यात एक रकाना होता, मालकाचं नाव. ओनर या शब्दाचा अर्थ मला माहीत होता, मी त्या वर्षी व्यापारी कायदा शिकत होतो. मी पेन थांबवलं आणि विचारलं, "अब्बा, इथे अरबाबचं नाव लागेल ना?"

अब्बा म्हणाले, "सामान ज्याच्या हातात, त्याचं नाव. दुसऱ्याचं आहे म्हटलं की मग उघडतात, विचारत बसतात."

आखातात राहिलेल्या आमच्या माणसांचा हा पक्का नियम होता. गावी जाणारा प्रत्येकजण चार घरांचं सामान नेतो. कुणाच्या बायकोचं अत्तर, कुणाचा टेपरेकॉर्डर, कुणाच्या आईच्या गोळ्या. काउंटरवर विचारलं तर सगळं आपलंच. त्यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नाही, उलट ती जबाबदारी घेण्याची रीत आहे. आणि खोक्याच्या चारही बाजूंना जाड मार्करने नाव, पासपोर्ट नंबर, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहायचं, म्हणजे पट्ट्यावर शंभर खोकी एकसारखी आली तरी आपलं ओळखू येतं.

मी रकान्यात अब्बांचं नाव लिहिलं. खाली त्यांनी सही केली. ती एकच गोष्ट त्यांना इंग्रजीत लिहिता यायची. मग मार्कर आणला. काळ्या पेटीवर काळा मार्कर दिसेना म्हणून पांढऱ्या कागदाच्या तीन पट्ट्या चिकटवल्या आणि तिन्ही पट्ट्यांवर अब्बांचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, खाली गावाचा पूर्ण पत्ता. अक्षर फार छान आलं. चाचांनी जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाले, "वा, लग्नपत्रिकाच छापली."

विमानतळावर जे झालं ते मला चाचांकडून कळलं, कारण त्यांना सोडलं आणि ते त्याच विमानाने पुढे गेले. तिकडून त्यांनी फोन केला. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने परवानगीचा कागद वाचला, फॉर्म वाचला, पेटीवरचं नाव वाचलं. कागदावर अरबाबचं नाव होतं आणि ती बंदूक मालकासोबतच न्यायची, अशी खाली अट होती. फॉर्मवर आणि पेटीवर दुसराच माणूस मालक होता, ज्याच्याकडे कसलीच परवानगी नव्हती. तरुण अधिकारी होता, सभ्य बोलत होता. त्याने अब्बांना हिंदीत विचारलं, ही कुणाची? अब्बा म्हणाले, माझी. त्याने पुन्हा विचारलं. चाचा मागून कोपराने ढोसत होते, पण अब्बांची बावीस वर्षांची सवय. तेव्हा त्याने पट्टीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलं?

"मीच लिवलं," अब्बा म्हणाले.

चाचा म्हणाले की तिथवर अब्बांना सगळं समजलं होतं. पहिली दोन उत्तरं सवयीने दिली, तिसरं समजून दिलं. अधिकाऱ्याने कोरा कागद पुढे केला आणि नाव लिहायला सांगितलं. अब्बांनी सही केली, नेहमीसारखी, सावकाश, आडवीतिडवी. तो एकदा सहीकडे आणि एकदा पट्टीवरच्या अक्षरांकडे बघत राहिला. मग सहीचा कागद आणि फॉर्म त्याने फाइलमध्ये ठेवले.

अब्बा तीन आठवडे आत होते. त्यांनी एका जबाबावर सही केली, की बंदूक आपली आहे आणि पेटीवरचं अक्षरही आपलंच आहे. अरबाबला निरोप गेला होता. तो माळावर होता, तळ रोज हलत होता. आल्यावर बघतो, इन्शाल्ला, असं त्याने कळवलं. तो परत येईपर्यंत अब्बांचा व्हिसा रद्द होऊन त्यांना परत पाठवायचं ठरलं होतं. मला दहा मिनिटं भेटू दिलं, मध्ये टेबल आणि बाजूला एक शिपाई. अब्बांची दाढी वाढली होती. ते माझ्याशी परीक्षेबद्दल बोलले. कोणते पेपर कधी, सगळं विचारलं. मी रडायला लागलो तेव्हा म्हणाले, "ते अक्षर तुझं आहे असं कुणाला बोलू नको. मी एकटा गेलो तर एकच जातो."

त्यांना विमानात बसवलं. पासपोर्टवर शिक्का होता, पुन्हा प्रवेश नाही.

माझा व्हिसाही जाणार होता. मॅनेजरांनी मला ऑफिसात बोलावलं. पेटीबद्दल त्यांना चाचांकडून कळलं होतं. ते म्हणाले, "खोक्यावर तालुका-जिल्हा लिहिणारे आपण सगळेच. बंदुकीवर लिहिणारा तू पहिला." मग बराच वेळ ते कागदपत्रं चाळत राहिले, आणि मला ऑफिसबॉयच्या व्हिसावर ठेवून घेतलं. मी चहा करायचो, फोटोकॉपी काढायचो, आणि शुक्रवारी अबुधाबीला जायचो. पॅन्ट आता मीच इस्त्री करत होतो.

अरबाब परतल्यावर त्याने अर्ज करायचं कबूल केलं. बंदूक आपली आहे, ड्रायव्हर भोळा आहे, त्याला परत येऊ द्यावं, असा. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याची कामं पुष्कळ आणि आमचं एक. अर्ज गेला की नाही हे मी दर गुरुवारी मॅनेजरांना विचारायचो. ते कधी हो म्हणत, कधी बुक्रा, म्हणजे उद्या. पुढे पुढे मी दारात दिसलो की ते नुसतीच मान हलवत.

अब्बा गावातल्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. तब्येतीबद्दल एक वाक्य, आणि मग, "अरबाब काय बोलला?" गावात त्यांचं जमत नव्हतं. बावीस वर्षं ते सुट्टीवर आलेला माणूस होते, आता लोक विचारत की परत कधी. ते सांगत, कागद गेलाय. अम्मा मला एकदा हळूच म्हणाली की ते रोज सकाळी बूट पुसतात आणि घरातच बसतात.

एक दिवस मी त्या कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेलो होतो, जिथे अब्बांची फाइल होती. मी ठरवलं होतं की सांगायचं, अक्षर माझं आहे, रकाना मी भरला, अर्थ माहीत असून भरला. खिशात माझी एक वही होती, अक्षर जुळवून दाखवायला. दुसऱ्या वर्षाची परीक्षा सहा आठवड्यांवर होती. मी फाटकासमोर उभा राहिलो, पहारेकऱ्याने काय काम आहे विचारलं, आणि मी त्याला बसस्टॉप कुठे आहे ते विचारलं. त्याने दाखवला. मी तिथे जाऊन बसलो. ही गोष्ट मी आजवर अब्बांना सांगितलेली नाही. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, हे खरं. पण त्या दिवशी मी परत फिरलो ते त्यांचं ऐकलं म्हणून नाही.

परीक्षा झाली, पास झालो. तिसऱ्या वर्षाची पुस्तकं पोस्टाने आली. अब्बांचे फोन महिन्यातून एक झाले, पण प्रश्न तोच.

उत्तर आलं ते दीड वर्षाने, रमजानच्या आधी. मॅनेजरांनी मला हाक मारली आणि दार लावायला सांगितलं. पत्र अरबीत, एक पान. ते आधी मनात वाचत गेले आणि मग मला मराठीत सांगू लागले. अरबाबचा अर्ज मिळाला होता. बंदूक त्याचीच आहे हे मान्य झालं होतं. ती त्याला परत मिळेल, येऊन घेऊन जावी.

"आणि अब्बा?" मी विचारलं.

मॅनेजरांनी चष्मा काढला. पुढचं त्यांनी कागदाकडे न बघताच सांगितलं. बंदूक अरबाबची ठरली, म्हणजे ती आपली आहे हा अब्बांचा जबाब खोटा ठरला. सही त्यांची, आणि पेटीवरचं अक्षरही आपलंच असं त्यांनी स्वतः सही करून सांगितलेलं. खोटा जबाब देणाऱ्यावरची बंदी उठत नाही. फाइल बंद केली आहे, यापुढे अर्ज करू नये.