लेडीबाईनं अर्धाच सांगितलेला सिनेमा

अगं, अशी पायरीवर उभ्या उभ्या काय बोलतेस? इकडं माझ्याजवळ बस. ओझरला गणपतीला येतेस आणि माझ्या दारावरून गाडी तशीच पुढं नेतेस, हे काही बरं नाही. विमलनं, तुझ्या आईनं, तुला लेडीबाईचं कधीच सांगितलं नाही म्हणतेस? नसेलच सांगितलं. ती पहिल्यापासून कमी बोलते. मग माझ्याकडून ऐक.

लेडीबाई जीपमधून उतरायची तेव्हा नारायणगावचा सगळा स्टँड बघत राहायचा. आम्ही द्राक्षाच्या कामाच्या बायका, डबा काखेत मारून धडाधड उड्या टाकायचो. ती मात्र दारात ताठ उभी राहून उजवा हात पुढं करायची आणि कुणी तो धरेपर्यंत पाय खाली ठेवायची नाही. ड्रायव्हर वैतागायचा. "उतरा की बाई, का पायघड्या घालू?" ती म्हणायची, "घाल की, तुझा रुमाल धुतलेला असंल तर."

हे खूळ तिला एका सिनेमानं लावलं, आणि त्यावरूनच आम्ही तिला लेडीबाई म्हणायला लागलो. ती परकरात असताना ओतूरकडच्या त्यांच्या गावी जत्रेत तंबू आला. हिंदी सिनेमाची रिळं वाटेत कुठं अडकली, म्हणून मालकानं हाताशी होता तो विलायती लावला. काळा-पांढरा, जुना, बोलणं सगळं इंग्रजी. लोक शिव्या घालत उठून गेले. ही बसून राहिली. टोपल्याएवढ्या घेराच्या झग्यातली देखणी बाई, तिचा टेकडीवरचा दगडी बंगला, आणि हातातला चाबूक आपल्याच बुटावर आपटत फिरणारा तिचा नवरा. एक शब्द कळला नाही, पण गोष्ट कळली, असं ती सांगायची. "नवरा जिन्यानं खाली यायला लागला की बाई मेणबत्ती हळूच मागं सारायची. त्याला काय इंग्रजी लागतंय व्हय?"

बागेत थिनिंग चालायचं, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे. दिवसभर मांडवाखाली हात वर, माना अवघडलेल्या. तेव्हा ती हा सिनेमा सांगायची. दर साली तोच, आणि दर साली शेवट निराळा. कधी बंगल्याला आग लागायची, कधी नवरा घोड्यावरून पडायचा. पारूबाई भांडायची, "गेल्या साली तर बाई मेली व्हती की वं!" लेडीबाई कात्री न थांबवता म्हणायची, "गेल्या साली तुला रडायला पायजे व्हतं, पारू. सून नवी आली व्हती तुझी." मग सगळा मांडव हसायचा आणि पारूबाई सगळ्यात मोठ्यानं.

तुझ्या बापाचा हात चालायचा, हे आता तुझ्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. त्या दिवशी विमलनं कात्री डाव्या हातात धरली होती, उजवं मनगट सुजलं होतं. तू तिच्या पायाशी साडीच्या झोळीत निजलेली. तुझा मामा टोमॅटो टाकायला मार्केटला आला होता. त्याचा निरोप सकाळीच आला होता, की संध्याकाळी आंबेगावला परत जाताना बागेच्या फाटकाशी टेम्पो थांबवतो, यायचं तर चल. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. विमल तेवढं एकदा म्हणाली, "लोक काय म्हंतील?"

जेवणं झाल्यावर लेडीबाईनं सिनेमा काढला. बाई झगा सावरत फाटकापर्यंत आली, बग्गी उभी आहे, इथवर आणला आणि पुढचा घड हातात घेतला. पारूबाईला दम निघेना. "मंग? चढली का न्हाई?"

"तिचं तिला ठरवू द्या की राव," लेडीबाई म्हणाली.

विमलनं पायानं तुझी झोळी हलवत विचारलं, "तिला पोरगी व्हती का?"

त्या बाईला मूलबाळ नव्हतं. इतकी सालं ऐकून मला ते पक्कं माहीत होतं. पण लेडीबाई म्हणाली, "व्हती. कडंवर."

"मंग चढंल," विमल म्हणाली.

संध्याकाळी टेम्पो आला आणि तुम्हा दोघींना घेऊन गेला. लेडीबाईनं मान वळवली नाही, हातातला घड पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा बाप बागेत येऊन ओरडला, "कुणी भरीला घातलं तिला?" लेडीबाई म्हणाली, "म्या सिनेमा सांगितला. दुसरं काय न्हाई." बागमालकांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, मला गावात राहायचंय. उद्यापासून नका येऊ." तिनं कात्री पाटीत ठेवली, पदर नीट केला आणि निघाली. पुढं गुडघे चालले तोवर मार्केटात टोमॅटो निवडायची. आमच्या बागेत त्यानंतर मोबाइलवर गाणी लागली. कामं झाली, काही अडलं नाही.

नंतर एका लग्नात ती भेटली तेव्हा मी विचारलं, की खऱ्या सिनेमात शेवट काय होता? ती म्हणाली, "बाई मागं फिरली. आत गेली, दार लागलं. मला लई राग आला व्हता तिचा."

आता ती ओतूरला भाच्याकडं असते. तिला आता दिसत नाही, आवाजावर माणूस ओळखते. विमल या बाजूला पुन्हा फिरकली नाही, आणि फिरकेल तरी कशी? पण मी गेले की म्हातारी एकच विचारते, "ती कडंवरची पोर, आता काय करती गं?" मी म्हणते, मंचरला नोकरी करते, स्वतःची गाडी चालवते. तिचा विश्वास बसत नाही. तिला वाटतं, मीही तिच्यासारखा शेवट बदलून सांगते.

आज तुला ड्यूटी आहे, तर जा. पण येत्या सुट्टीला ये, आईला घेऊन ये. मी तयार राहीन, मिळून ओतूरला जाऊ. लवकर ये गं, ती फार थकलीय.