अक्कांची अवरेकाई

"रडा हो खुशाल, पण हात चालू ठेवा," असं म्हणून समोरच्याच्या हातात काहीतरी कोंबायचं, ही अक्कांची पद्धत. कधी मेथीची जुडी, कधी गुंतलेली लोकर, एकदा तर स्वतःच्या छत्रीची निखळलेली काडी. समोरचा माणूस आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असो नाहीतर त्याची बायको असो, अक्कांच्या लेखी तो आधी रिकामटेकडा.

येलहंक्याच्या पुढे एक शुश्रूषा केंद्र आहे. बरं होऊन घरी जाण्याची आशा जिथे डॉक्टरही दाखवत नाहीत, तसलं. तिथे मी दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून जायचो, जे. पी. नगरहून, म्हणजे अख्खं बंगळूर ओलांडून. पोचेपर्यंत माझीच शुश्रूषा करायची वेळ यायची. अक्का तिथल्या सगळ्यांत जुन्या स्वयंसेविका. सत्तरीच्या, तीन पिढ्या बंगळुरात मुरलेल्या, मराठीला कानडीची सढळ फोडणी. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी 'पुणेकर'.

पहिल्या दिवशी मी प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मान तिरकी करून, आवाज मऊ करून प्रत्येकाला "कसं वाटतंय?" विचारत फिरलो. एका आजींनी सरळ तोंड फिरवलं. अक्कांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. म्हणाल्या, त्यांना कसं वाटतंय ते साऱ्या जगाला ठाऊक आहे, त्यांना विचारा उपमा कसा करू. विचारलं. आजी वीस मिनिटं बोलल्या. मी उपम्यात साखर घालतो हे कळल्यावर तर माझ्या आईचाही उद्धार झाला.

या अक्का गेल्या वर्षी गेल्या. घरी, दुपारच्या जेवणानंतर, पाच मिनिटांत. आम्हा दहा-बारा स्वयंसेवकांना सेवेची एवढीशी संधी न देता! मला त्याचा अजून राग आहे. असो. तुम्हाला अवरेकाईची गोष्ट सांगतो.

अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची बहीण. दाणे भिजवून चिमटीत दाबायचे, की सालातून टुणकन डाळ उडते. हिवाळ्यात अर्धं बंगळूर हेच करत बसलेलं असतं.

अशाच एका हिवाळ्यात खिडकीजवळच्या खाटेवर एक काका होते. कारखान्यात चाळीस वर्षं लोखंडाचे साचे घडवलेले. त्यांच्या लेकीनं त्यांना 'तपासणीला जातोय, संध्याकाळी परत' असं सांगून इथे आणलं होतं. तिला नावं ठेवू नका. खरं सांगायची छाती तुमची-माझी तरी झाली असती का? दुसऱ्या दिवसापासून काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. सिस्टरशी बोलत, माझ्याशी बोलत, ती आली की भिंतीकडे तोंड. असे नऊ दिवस. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. ती व्हरांड्यात बसून म्हणायची, शिव्या देऊ देत, पण बोलू देत.

शनिवारी अक्कांनी पातेलंभर भिजवलेले दाणे आणले, काकांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवले आणि लेकीला नि मला दोन बाजूंना बसवलं. मुद्दाम वाईट सोला, असं माझ्या कानात सांगितलं. मला नाटक करावंच लागलं नाही. पहिला दाणा सिस्टरच्या कपाळावर, दुसरा शेजारच्या आजोबांच्या चहात. मग सगळ्यांनाच चेव आला. समोरच्या आजींनी दोन दाणे मागून घेतले आणि नेम धरून मलाच मारले. एकीला हसून ठसका लागला, सिस्टर धावल्या, तर त्यांनाच हसू आवरेना.

लेक तेवढी मान खाली घालून दाणे चिरडत होती. काका भिंतीकडे वळलेले. पण हळूहळू त्यांची मान फिरली. उभा जन्म हातानं नेमकं काम केलेला माणूस, असला गोंधळ किती वेळ सोसणार?

"नखानं नाही. अंगठ्यानं," काका म्हणाले.

लेकीनं दाबलं, पुन्हा चुकलं. काकांनी तिचा अंगठा धरून दाखवलं आणि मग तो सोडलाच नाही.

"तपासणी म्हणालीस."

"हो, बाबा. खोटं बोलले."

"खोटं तरी धड बोलावं. संध्याकाळी परत यायचं, तर बॅगेत चार लुंग्या कशाला भरल्यास? घरीच कळलं होतं मला. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो."

लेक ढसाढसा रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "चार नाही, पाच होत्या." काका म्हणाले, पाचवी फाटकी, ती धरायची नाही. ती म्हणाली, फाटकी होती तर मला शिवायला का नाही दिली? झालं. लहानपणापासूनचं सगळं निघालं.

मी अक्कांना शोधू लागलो. त्या दारात होत्या. पाठ आमच्याकडे, दोन्ही हात चौकटीला लावून. पलीकडे डॉक्टर तपासायला आले होते.

"स्वल्प थांबा, डॉक्टर," अक्का सांगत होत्या. "बापलेक भांडतायत."