मावशीच्या तळहाताखालचा हात

अन्याय झाला तो एरिक नावाच्या वीस वर्षांच्या परदेशी पोरावर. माघातल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाआठ वाजता. जागा घाटनांदूरच्या शाळेतला चौथीचा वर्ग, जिथं नेत्रशिबिरातल्या बायकांसाठी सतरंज्या अंथरल्या होत्या. आणि अन्याय करणारा मी. पत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात आरोपीचं नाव आलं पाहिजे असं मी आमच्या चळवळीतल्या पोरांना शिकवत आलोय, म्हणून इथंही लपवत नाही.

देशाची दारं परदेशी कंपन्यांना सताड उघडली जात होती ती ही वर्षं. आमचं काम त्याविरुद्ध. मांजरसुंब्याच्या धाब्यावर ट्रकवाल्यांना आणि गेवराईच्या बाजारात शेतकऱ्यांना मी पत्रकं वाटायचो. देवधर्म कॉलेजातच सोडला होता. आम्ही लिंगायत; गळ्यात कायम बाळगायचं इष्टलिंग काढून शिवकांतामावशीच्या देवघरात ठेवलं, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आई गेल्यावर मला वाढवलं ते या मावशीनं, गावातलं किराणा दुकान एकटीनं चालवून. तिचा एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू. तो उरलेला डोळा तिनं या शिबिराच्या हवाली केला होता.

सोमवारी दुपारी ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून डॉक्टरांनी बजावलं, मान हलवायची नाही, पट्टीला हात लावायचा नाही, टाका सुटला तर डोळा गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही, आणि मला तर ती यायला हवी होती. मावशी रोज सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकटक बघायची. ते दर्शन झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायची नाही. मोतीबिंदूनं सगळं धूसर झालं तरी हात डोळ्याजवळ नेऊन बघायची. आता त्या डोळ्यावर पट्टी होती.

मंगळवारी मी काखेत पत्रकांचा गठ्ठा आणि हातात चहाचा थर्मास घेऊन वर्गात शिरलो, तर एक गोरा पोरगा मावशीची दोन्ही मनगटं धरून बसलेला. मावशी रडवेल्या आवाजात म्हणत होती, "सोड रे, सोड मला." मी काही विचारलं नाही. त्याची कॉलर धरून त्याला वऱ्हांड्यात आणलं. अख्ख्या वर्गासमोर म्हणालो, "कंपन्या कमी पडल्या का, आता आमच्या म्हाताऱ्यांच्या अंगाला हात? लिंगधारी बाई हाय ती. तू शिवलासच कसा?" सोवळ्याओवळ्याविरुद्ध पत्रकं लिहिणारा मी हे बोललो. तो म्हणाला, "हलू नका." शिबिरात मदतीला येऊन तिसरा दिवस होता त्याचा. मराठीचे तेवढेच दोन शब्द त्याला शिकवलेले, तो ते चहावाल्यालाही म्हणायचा. मग आडावर जाऊन तो पाणी शेंदायला लागला.

शिबिर बघणारे गुरुजी माझ्याजवळ आले. "लई मोठं काम केलंस बे," ते म्हणाले. "पहाटे पाचपासून धरून बसलाय हा एरिक. न्हाईतर तिनं कवाच पट्टी काढली असती."

तोवर मावशीची बोटं चिकटपट्टीपाशी पोचली होती. डाव्या तळहातावर लिंग, आणि तो हात थरथरत होता. मी म्हणालो, "मावशी, राहू दे. देव काय डोळ्यात असतो का?"

"तू पत्रकं वाट," ती म्हणाली. "मला माझा देव बघू दे. एकदाच बघते न् परत लावते."

चिकटपट्टीचं टोक सुटलं. माझ्याजवळ भाषणं होती, पण तिचा हात धरायची हिंमत नव्हती. लहानपणापासून त्या हाताला मी कधी अडवलंच नव्हतं. त्या क्षणी मी मनातल्या मनात कुणाला तरी म्हणालो, आता तूच बघ. कुणाला म्हणालो ते आजही सांगता येत नाही. पण तोंडातून हाक गेली ती, ज्याला हाकललं होतं, त्याच्या नावानं.

तो ओल्या हातांनी धावत आला. शर्टाला हात पुसले. या खेपेला त्यानं मनगट धरलं नाही. मावशीच्या थरथरत्या तळहाताखाली आपला तळहात ठेवला, आणि तिचा उजवा हात पट्टीवरून हळूच उचलून, तिचीच बोटं लिंगावर टेकवली. स्वतः लिंगाला स्पर्श केला नाही. आमच्यात दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं? गुरुजी म्हणतात, मी तर सांगितलं नाही. मी वाद घालत नाही. जे बघितलं ते लिहितोय.

मावशीची बोटं बराच वेळ फिरत राहिली. हात थरथरायचा थांबला. "गार हाय," ती म्हणाली. मग, "दिसला रे." आणि माझ्याकडे तोंड न वळवता, "चहा आण. ह्या लेकराला आधी दे."

पट्टी निघाली तेव्हा मावशीला दिसलं, आणि आज ती दुकानात वजनाचा काटा स्वतः बघते. पण त्याच्या आधी, त्याच मंगळवारी दुपारी, ज्यांच्यासमोर कॉलर धरली त्याच बायकांसमोर मी एरिकपुढं हात जोडले आणि पायाला हात लावायला वाकलो. तो घाबरून मागं सरला, माझे खांदे धरले आणि त्याच्याजवळ होते तेच शब्द म्हणाला, "हलू नका." बायका हसल्या. मी मात्र तसाच उभा राहिलो. आयुष्यभर इतरांना हलवायला निघालेल्या मला कुणी तरी प्रथमच जागेवर स्थिर केलं होतं. पत्रकं मी अजून लिहितो, कंपन्यांवरचा राग तसूभर कमी झालेला नाही. पण सकाळी मावशीच्या देवघरात ठेवलेलं माझं लिंग तळहातावर घेतो, आणि हाताखाली दुसरा हात असल्यासारखं वाटतं.

आता तुमच्याकडे मागणी. पुरतं न विचारता तुम्हीही कुणाची तरी कॉलर धरली असेल. चिठ्ठी पाठवू नका, मनातल्या मनात माफी मागू नका. ज्या जागी, ज्या माणसांसमोर त्याला हाकललं, तिथंच जाऊन त्याच्यापुढं हात जोडा. आज जा.