अक्काच्या तोंडातला गूळ

आज पणतूला लस टोचण्याआधी नर्सने त्याच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडले. "गोडाने बाळांना कमी दुखतं, आजी," ती म्हणाली. बाळ जेमतेम कुरकुरलं, आणि मला श्रीगोंद्याकडचं आमचं गुऱ्हाळ आठवलं.

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. चरकात ऊस सारताना माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, दोन बोटं चेंगरली. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखणं मारायचं अफूचं इंजेक्शन संपलंय. बोटं तशीच कापावी लागतील. पोरी, तू हिच्या तोंडात गूळ धर."

आईने अक्काचे खांदे दाबले. मी गुळाचे खडे भरवत राहिले. रक्ताचा, गुळाचा आणि फिनेलचा वास एक झाला होता. अक्का ओरडली नाही. माझ्याकडे बघत नुसती गूळ चघळत राहिली.

परतताना मी विचारलं, "अक्का, गुळानं कमी दुखलं का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "तू लई भ्याली हुतीस, म्हनून गप ऱ्हायले."

आठवड्याभरात तिला धनुर्वात झाला. जबडा असा मिटला, की गुळाचं पाणीसुद्धा आत गेलं नाही.